चार भावांचा मेनू

आबांनी डीव्हीडी टेबलावर ठेवली तेव्हा तिच्यावर पाखराची शीट वाळलेली होती.

"ही शीडी चालत न्हाय," आबा म्हणाले.

केशवने ती उजेडाला धरली. मधलं भोक डीव्हीडीला जन्मतः असतंच; हिला कडेला दुसरं पाडून त्यातून सुतळी ओवली होती.

"आबा, ही टांगली होती का कुठं?"

"गड्यानं टांगली, ज्वारीत. पाखरं बुजत्यात म्हनं."

"बुजली का?"

"तिच्यावरच बसाय लागली."

वरकुट्याच्या जोतीरामआबांची थोरली लेक माधवी हिचं लग्न २०११ सालचं. ही डीव्हीडी त्या लग्नाची. आता धाकट्या स्वरालीचं लग्न बारा दिवसांवर आलं होतं. कार्यालयात एलईडी पडदा लागणार होता आणि पाहुणे येताना त्यावर आबांना "ते गोल चित्र" हवं होतं.

गोल चित्र म्हणजे मेनू. डीव्हीडी लावली की साखरपुडा, हळद, लग्न, वरात यांतलं काय बघायचं ते विचारणारं पहिलं पान. जगातली बहुतेक माणसं ते न बघताच पुढचं बटण दाबतात. केशवच्या जळोची रस्त्यावरच्या दुकानात शूटिंगला माणूस होता, मिक्सिंगला माणूस होता. मेनू मात्र केशव कुणाला करू देत नसे. असे दोनशे बारा मेनू त्याने केले, एकासारखा दुसरा नाही, आणि एकाचंही कौतुक आजवर कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. पुढे डीव्हीडी गेली, पेनड्राइव्ह आला, मग लिंक आली. लिंकला मेनू नसतो. केशव आता पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सवर होता.

पण गोल चित्राची गोष्ट वेगळी होती. आबा चार भावांत थोरले. २०११ च्या लग्नाची पत्रिका छापून झाल्यावर नावांच्या क्रमावरून घरात तीन दिवस कुणी एकत्र जेवलं नव्हतं. तेव्हा आबा दुकानात येऊन म्हणाले होते, "केशव, शीडीत चौघंबी पायजेत. पन कुनी वर न्हाय, कुनी खाली न्हाय." केशवने चौघांचे फोटो फेट्यासकट गोलात बसवले. आबांवर दाबलं की साखरपुडा, मधल्या दोघांवर हळद आणि लग्न, धाकट्या गुलाबरावांवर वरात. गोलाला वर-खाली नसतं, म्हणून सगळे खूश झाले.

सगळे म्हणजे केशव सोडून. कारण डीव्हीडी लावली की मशीन चारांतल्या एका बटणावर आपणहून सोनेरी कडं घालतं. ते कडं कुणावर तरी आधी पडणारच. केशवने त्यावर दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी चार वेगळ्या डीव्हीडी बनवायला घेतल्या. ज्याच्या घरी जी जाणार, तिच्यात कडं आधी त्याच्यावर. चौघं आपापल्या घरी बघणार, कुणाला कळणार? त्याच्या मते हे त्याच्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम होतं. ते कुणाला सांगता येत नव्हतं, एवढीच त्यात उणीव होती.

"मूळचं काम असंल की तुज्याकडं," आबा म्हणाले.

नव्हतं. एका पतसंस्थेची वार्षिक सभा साठवायला जागा हवी होती म्हणून केशवने स्वतःच्या हाताने ती हार्ड डिस्क पुसली होती. चार तासांची ती सभा आजवर कुणी पाहिलेली नाही, पण ती सुरक्षित आहे.

"दुसऱ्या कुणाकडची डीव्हीडी मिळाली तर तिच्यातनं चित्र काढता येईल. गुलाबरावांकडं..."

"त्याच्याकडं मागायचं कुनी?"

सहा वर्षांपूर्वी वाटण्या झाल्या, विहिरीच्या पाळ्यांवरून बोलाचाली झाली आणि तेव्हापासून आबा आणि गुलाबराव एकमेकांशी बोलत नव्हते. स्वरालीच्या लग्नाला गुलाबराव येणार नाहीत, हे तालुक्याला माहीत होतं. आबा मात्र "बगू" म्हणायचे.

केशवने गुलाबरावांच्या बायकोला, कौसल्याबाईंना, फोन केला. बाजाराच्या दिवशी बाराला येते म्हणाल्या. पण शीडी नजरेआड करणार न्हाय. गाठ पडू नये म्हणून केशवने आबांना चारला बोलावलं. त्यावरून आबांनी काय ते ओळखलं आणि ते पावणेबाराला येऊन बसले.

कौसल्याबाई पायरीवरच थबकल्या. पदर पुढे ओढला आणि आबांच्या खुर्चीकडे न बघता आत आल्या. डीव्हीडी नव्या खणात गुंडाळलेली होती.

"केशवभाऊ, एक ओरखडा न्हाय बगा. कुनाकुनावानी रानात टांगली न्हाय आमी."

"केशव, तिला म्हनावं, पाखरं आमच्याकडंच जास्त हायती," आबा भिंतीकडे बघत म्हणाले.

केशवला ही डीव्हीडी लावायचीच नव्हती. आतली फाइल उघडायची, मेनूचं चित्र उचलायचं, की काम संपलं. कडं त्या चित्रात नसतंच, ते मशीन वरून घालतं. त्याने डिस्क आत सरकवली आणि फाइल शोधायला लागला.

"तसं नगं. लाव की सरळ टीव्हीवर लावल्यागत," आबा म्हणाले. "चौघास्नी बगून लई दिस झालं."

"आबा, वेळ लागेल..."

"मला कुठं जायचंय?"

केशवने लावली. सनई वाजली, पडद्यावर चार फेटे गोल उमटले आणि सोनेरी कडं गुलाबरावांवर येऊन बसलं.

आबा पुढे वाकले. केशव कीबोर्डवरची धूळ पुसू लागला. ती तिथे नव्हती.

"बगा," कौसल्याबाई केशवला म्हणाल्या, पण आवाज खुर्चीपर्यंत जाईल एवढा होता. "चवदा वर्सं झाली. लावली की पैलं ह्यास्नीच धरतंय. आमचे मालक कितीदा म्हनत्यात, बापानं बी कदी पैला धरला न्हाय, पन थोरल्यानं त्या टायमाला धाकट्याला पैला धरला. वाटनीत भांडान झालं तरी ही शीडी टाकू दिली न्हाय त्यांनी. आन् आता कार्ड आलं त्ये गड्याच्या हाती. नाव कुठं? तर 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं'च्या वर. पोराटोरांत!"

चौदा वर्षं केशव समजत होता की आपण चौघांना गप्प केलं. आपण एकाला आशा लावून ठेवली आहे, हे त्याच्या हिशेबात नव्हतं. आता खरं सांगायला हवं होतं, आणि खरं सांगितलं की गुलाबरावांकडे होती तेवढीही गोष्ट उरणार नव्हती.

"आबा," तो म्हणाला, "ते त्यावेळी असं झालं होतं की..."

"तू गप."

आबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत घातला. पडद्यावर गुलाबराव कड्यात होते, मिशीला पीळ दिलेला.

"केशव, सांग तिला. म्याच सांगितलं व्हतं तवा. गुलाबला पैला धर म्हनून."

केशवने कौसल्याबाईंकडे पाहिलं. "ते म्हणतात, त्यांनीच..."

"ऐकलं म्या," कौसल्याबाई म्हणाल्या.

चौदा वर्षांत पहिल्यांदा केशवच्या त्या कड्याविषयी कुणी बोललं होतं, आणि त्याचं श्रेय त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याने घेतलं होतं. त्याला वाईट वाटायला हवं होतं. त्याची मान मात्र ताठ झाली.

"आन् कार्डाचं सांग," आबा म्हणाले. "छापनाऱ्यानं घोळ घातला. उद्या म्या सोता अक्षता घेऊन येतो म्हनावं. सकाळच्याला."

कौसल्याबाईंनी डीव्हीडी मागून घेतली, खणात गुंडाळली. मग पहिल्यांदाच खुर्चीकडे तोंड केलं.

"धा नंतर या, आबा. सकाळचं पानी धराय जात्यात त्ये. आन् जेवूनच जायाचं."

त्या गेल्या. केशवने तोवर चित्र उचलून ठेवलं होतं. कार्यालयातल्या पडद्याच्या मानाने ते तिकिटाएवढं होतं. चौघांचे चेहरे साफ करून मोठे करायला आठवडा जाणार होता. आबा उठून त्याच्या पाठीशी उभे राहिले.

"माझ्या शीडीत म्या पैला व्हतो."

"होय, आबा."

"किती दिस लागलं व्हतं तुला?"

"चार शीड्यांना चार दिवस."

आबांनी ते मनाशी फिरवून पाहिलं. टोपी नीट केली, चपला घातल्या आणि पायरीवर पाय ठेवून मागे वळले.

"मधल्या दोघांच्या शीड्या मागवू नका, केशवराव."