झाडावरून पडलेला गुडघा

तिचा गुडघा कशाने बिघडला, हे सांगायचं काम घरात नवऱ्याचं. तो सुतार, पण गोष्ट सांगायला बसला की रंधा मारल्यासारखं गुळगुळीत बोलायचा. आताही त्याने डॉक्टरीणबाईंना तिखटमीठ लावून सांगितलं, "लहानपणी माकडासारखी झाडावर चढायची. पडली, तेव्हापासून हा पाय असा."

एरवी ती हसायची. आज हसली नाही.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावला आणि बराच वेळ बघितला. "पडून असं होत नाही. लहानपणी टीबी झाला होता का? नीट आठवून सांगा. जुना रोग हाडात झोपलेला असू शकतो. न तपासता नवा सांधा बसवला आणि रोग उठला, तर सांधा काढावा लागेल. पायावरही बेतेल."

आठवायचं काय त्यात? प्लास्टरमध्ये काढलेलं वर्ष, मूठ मूठ गोळ्या, वेगळी ठेवलेली ताटवाटी. आणि वडिलांचं बजावणं, "रोगाचं नाव काढलंस तर कुणी पदरात घेणार नाही. झाडावरून पडले म्हणायचं." लग्न ठरताना ती तेच म्हणाली. पुढे नवराच ते इतक्यांदा सांगत गेला, की खोटं तिचं आणि साक्षीदार तो, असा कारभार झाला.

नाही म्हणावं तर पाय जाईल. हो म्हणावं तर शेजारी बसलेला हा भाबडा माणूस. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं!

"झाला होता," ती म्हणाली. "याच गुडघ्याला. झाडबिड काही नव्हतं."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलंच नाही. आधी गुडघ्यातलं पाणी काढून तपासू, रोग जागा असेल तर गोळ्या, मग सांधा, असं डॉक्टरीणबाई सांगत होत्या. त्याने मान डोलावली, तपासणी कधी ते विचारून घेतलं.

बाहेर बाकावर तो नुसता हात चोळत बसला.

"अहो, बोला काहीतरी. शिव्या द्या हवं तर."

"आपली पोरगी चढायला लागली तेव्हा दारातलं झाड तोडलं मी," तो हळू म्हणाला. "तुझ्यासारखी पडेल म्हणून. किती रडली होती."

तिला आठवलं. त्याच लाकडाचं त्याने तिला स्टूल करून दिलं होतं. शिलाई मशीनवर बसली की दुखरा पाय ती रोज त्यावरच टेकवायची. तिला रडू आवरेना.

तो उठला. नेहमीसारखा तिला उठवायला हात पुढे केला.

"चल. पोरीला तूच सांग," तो म्हणाला. "मला ही गोष्ट आता सांगता यायची नाही."