घरचं गिऱ्हाईक

सुट्ट्या लागल्या की टेलरबाईंचे पाय अजून हलायला लागतात. आता खरं म्हणजे करायला काही उरलेलं नाही. मशीन खोळ घालून भिंतीला लावलंय, गल्लीच्या तोंडाशी तयार कपड्यांची तीन दुकानं झालीत, आणि सुईत दोरा ओवायचा तर शेजारणीला हाक मारावी लागते. तरी वर्षअखेर आली, भर दुपारी रस्त्यावर पोरांचा गलका सुरू झाला, की बाई खुर्चीत बसल्या जागी टाच-चवडा, टाच-चवडा करू लागतात. चाळीस वर्षांची पायडलची सवय, ती काय अशी सुटते? आणि मग हमखास ती एक सुट्टी आठवते. चांगल्या डझनभर सुट्ट्या पडल्यात आठवायला, पण मन मेलं नेमकं तिथंच जाऊन बसतं.

तेव्हा घर दोन खोल्यांचं होतं. मागच्या खोलीत स्वयंपाक, झोपणं, भांडणं, सगळं. पुढची खोली म्हणजे दुकान. खिडकीशी मशीन, मधे कापायचं लांब टेबल, कोपऱ्यात पडदा लावून केलेली माप घ्यायची जागा. नवरा पार्सल ऑफिसात. सुट्टीच्या दिवसांत सगळं जग एकमेकांना खोकी पाठवायचं आणि ती सगळी ह्या एका माणसाच्या हातून जायची, असं त्याचं म्हणणं. बाईंची तीच गत. ज्याला त्याला प्रवासाला जायच्या आधी नवे कपडे हवेत, आणि सगळ्यांना एकाच तारखेला. जगाला सुट्टी आणि ह्या घराला जुंपणी. मधल्या मधे दोन पोरं, आठ वर्षांची थोरली आणि पाच वर्षांचा धाकटा, घरात असून नसल्यासारखी. धाकटा टेबलाखाली रिळांची आगगाडी करून एकटाच तोंडानं शिट्ट्या मारायचा. थोरली मात्र कापडाच्या गठ्ठ्यावर बसून आईकडे बघत राहायची.

बघण्यासारखं होतंच ते. बाईंची माप घ्यायची एक पद्धत होती. गिऱ्हाईक कितीही लहान असो, त्याला पडद्याआड उभं करायचं, दोन्ही खांद्यांना धरून उजेडाकडे वळवायचं, हनुवटी जराशी वर करायची. "ये गं राणी. ताठ उभी राहा बघू. आता श्वास सोड." मग टेप खांद्यावरून, पाठीवरून, छातीभोवती फिरायचा, प्रत्येक आकडा मोठ्यानं म्हटला जायचा आणि लांबट वहीत नावासकट लिहिला जायचा. रडकी पोरंसुद्धा त्या वेळी गुमान उभी राहायची. घटकाभर का होईना, बाईंचं सगळं लक्ष त्या एका माणसावर असायचं ना.

त्या वहीत अख्ख्या गल्लीची पोरं होती. थोरली नव्हती. तिनं त्या हंगामात तीनदा विचारलं होतं, आई, माझं माप कधी घेणार. एकदा तर ती पोरींच्या रांगेत जाऊन उभीच राहिली. बाईंनी तिला हातानं बाजूला सारलं आणि सगळ्यांदेखत हसत म्हणाल्या, "तुझं गं कशाला माप? पोटची पोर तू. तुझं माप माझ्या हातात आहे." गिऱ्हाइकं कौतुकानं हसली. थोरलीही हसली आणि परत गठ्ठ्यावर जाऊन बसली. बाईंना त्या बोलण्याचा मोठा अभिमान होता. डोळे मिटून कापीन म्हणायच्या पोरांचे कपडे, एका सुताचा फरक पडला तर नाव बदलीन.

एरवी पोरांचे कपडे उरल्यासुरल्या तुकड्यांतून व्हायचे. पाठ एका रंगाची, बाह्या दुसऱ्या. त्या वर्षी मात्र बाईंनी थोरलीसाठी मुद्दाम कापड घेतलं होतं, गुलबक्षी रंगाचं, सलग. दोन गिऱ्हाइकांच्या मधे जो काय पाव तास मिळाला त्यात त्यांनी ते टेबलावर पसरलं, डोळे मिटून पोर मनातल्या मनात डोळ्यांसमोर आणली आणि खसाखसा कात्री चालवली. फ्रॉक शिवून झाल्यावर थोरली घालून बघू का म्हणून आली तर बाईंच्या तोंडात टाचण्या. मानेनंच खुणावलं, नंतर. नंतर परत आली तेव्हा डॉक्टरीणबाईंचा कोट अस्तर लावायला घेतलेला. त्या कोटानं त्या वर्षी बाईंचा जीव घेतला होता. कॉलर तीनदा उसवून झाली होती, आणि डॉक्टरीणबाई म्हणजे काय साधं प्रस्थ नव्हे, एकदा नाराज झाल्या तर अर्धी गल्ली दुसऱ्या टेलरकडे वळायची.

नवऱ्याला अख्ख्या हंगामात एकच दिवस सुट्टी मिळायची. त्या दिवशी सगळ्यांनी मिळून मोठ्या बागेत जायचं, हे वर्षभर ठरलेलं. आधीच्या दोन्ही वर्षी बाई ऐन वेळी मागे राहिल्या होत्या. ह्या खेपेला आकाश कोसळलं तरी येणार, असं त्यांनी पोरांना कबूल केलं होतं, आणि आल्यासुद्धा. कोट टेबलावर तसाच टाकून, दाराला कडी घालून.

सकाळी थोरली नवा फ्रॉक घालून मागच्या खोलीतून बाहेर आली. बाईंनी कुलूप शोधता शोधता विचारलं, नीट बसला ना? तिनं मान डोलावली. झकास दिसतेस म्हणाल्या आणि निघाल्या. दोन्ही कोपरं अंगाजवळ घेऊन पोर का चालतेय, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. डोक्यात कोटाची कॉलर होती.

बागेत पोरांची जत्रा लोटली होती. धाकटा आल्या आल्या घसरगुंडीला चिकटला. बापानं थोरलीला झोपाळ्यावर बसायला सांगितलं तर ती नको म्हणाली. शिडी चढ म्हटलं, नको. चेंडू टाकला तर तो तिच्या पायाशी पडला, तिनं हात पुढे केले नाहीत. बाकावर बसली तीसुद्धा फळीला पाठ न टेकता, पाहुण्यांच्या घरी आल्यासारखी.

बाईंचा पारा चढला. इथं आपण जिवाचं रान करून एक दिवस काढतो, गिऱ्हाइकांच्या शिव्या खातो, आणि कार्टी तोंड पाडून बसलीय. त्यांनी बाकाशी जाऊन तिला चांगलीच फैलावर घेतली. आईबापाच्या कष्टांची किंमत नाही, मागच्या दोन वर्षांचा राग आता काढतेस का, लहान भाऊ बघ कसा खेळतोय, असं बरंच काही. बाईंच्या जिभेला धार होतीच. थोरली ऐकत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी खेळते हं," म्हणाली आणि उठली.

बाप म्हणाला, चल, तुला खांद्यावर घेतो, तळं दिसेल. ती नको म्हणायच्या आत त्यानं तिला काखेत हात घालून उचललं. टर्रकन आवाज झाला. डाव्या काखेपासून कमरेपर्यंत शिवण उसवली होती, आणि नुसती शिवणच नव्हे, कापडही फाटलं होतं.

बापानं तिला खाली ठेवलं. बाई पुढे झाल्या आणि फाटलेला भाग धरून बघायला लागल्या. काखेत कातडीवर लालभडक वळ उठला होता, बोटाएवढा जाड. दुसऱ्या बाजूला तसाच. पाठीवर बटणांच्या रांगेनं खळ्या पडल्या होत्या. पोरीनं तो फ्रॉक श्वास आत ओढून बंद केला होता आणि सकाळपासून अर्ध्या श्वासावर चालत होती.

"मी नाही फाडला," ती म्हणाली. "मला येत होता. तू बरोबर शिवलायस आई, मीच जास्त झाले."

मीच जास्त झाले, म्हणे. बाईंनी अंगावरची शाल काढून पोरीभोवती गुंडाळली. नवऱ्यानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि तो घसरगुंडीकडे वळला. धाकट्याला घसरगुंडीवरून उतरवून सगळी वरात दुपारच्या आतच घरी परतली.

घरी आल्यावर बाईंनी तो फ्रॉक टेबलावर आडवा पसरला आणि त्यांच्या लक्षात आलं. फ्रॉक चुकलेला नव्हताच. शिवण सरळ, बाह्या सारख्या, गळा नेमका. फक्त तो मागच्या वर्षीच्या पोरीचा होता. त्यांनी डोळे मिटून जी डोळ्यांसमोर आणली ती सात वर्षांची होती. तिच्यानंतर एक अख्खं वर्ष ही पोर त्याच खोलीत, चार हातांवर, गठ्ठ्यावर बसून वाढत होती, आणि त्यांनी मान वर करून पाहिलं नव्हतं. गल्लीतल्या प्रत्येक पोराची उंची त्यांना तोंडपाठ होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

रडू आलं. बाईंनी ते आवरलं नाही. मग पदरानं तोंड पुसलं आणि गळ्यात टेप टाकला.

"ये गं राणी," त्या म्हणाल्या. "पडद्यामागे ये. उभी राहा."

थोरलीला आधी खरंच वाटेना. ती दारात थबकली. मग धावत आली आणि इतकी ताठ उभी राहिली, की बाईंना तिला अंग सैल सोड म्हणावं लागलं. त्यांनी तिच्या खांद्यांना धरून तिला उजेडाकडे वळवलं. हनुवटी वर केली. तिच्या कपाळावर एक बारीक व्रण होता, तो कधी झाला हे त्यांना माहीत नव्हतं. विचारलं तर ती म्हणाली, शाळेत पडले होते, तेव्हा तू कोटाच्या बाह्या लावत होतीस. हा डॉक्टरीणबाईंचा नव्हे, उन्हाळ्यात शिवलेला दुसराच कोट तो, म्हणजे किती जुनी गोष्ट असेल बघा.

टेप खांद्यावरून गेला. बाईंनी आकडा मोठ्यानं म्हटला, वहीत नवं पान काढलं, वर पोरीचं पूर्ण नाव लिहिलं. मग पाठ. मग छाती. टेपखाली पोरीचं काळीज धडधडत होतं. उंची मोजली तेव्हा बाईंनी टेप दोनदा लावून पाहिला. पोर त्यांच्या मनातल्यापेक्षा चार बोटं उंच होती.

एवढ्यात दाराची कडी वाजली. डॉक्टरीणबाई. कोट आज द्यायचा ठरला होता, त्यांना गाडी गाठायची होती, त्या दारातूनच हाका मारू लागल्या. थोरलीनं तो आवाज ओळखला. ती मुकाट्यानं हात खाली घेऊन पडद्याबाहेर जायला निघाली. तिला कुणी सांगितलं नव्हतं, सवयच होती तिला बाजूला व्हायची.

बाईंनी तिचा दंड धरला आणि पडद्याआडूनच आवाज दिला, "थांबा जरा बाहेर. माझ्याकडे गिऱ्हाईक आहे."

मग डॉक्टरीणबाई तावातावानं बोलायला लागल्या, गाडीची वेळ सांगू लागल्या. नवरा त्यांना खुर्ची देत होता, पाणी देत होता, नसत्या गप्पा मारत होता. बाईंनी ते सगळं ऐकलं आणि सोडून दिलं.

कमर झाली. बाही झाली. मनगट झालं. फ्रॉकला लागणारी सगळी मापं संपली. बाईंच्या हातातला टेप सैल पडला तसा थोरलीचा चेहरा उतरला.

"झालं?" तिनं अगदी हळू विचारलं.

"छे गं," बाई म्हणाल्या. "अजून बरंच राहिलंय."

आणि त्यांनी तिच्या करंगळीला टेप लावला. आकडा मोठ्यानं म्हटला. वहीत लिहिला.