पडदा भरून

रंगनाथनं व्हीसीआरचं झाकण उघडून हेडवरून स्पिरिटचा बोळा तिसऱ्यांदा फिरवला, झाकण बसवलं आणि कॅसेट पुन्हा आत ढकलली. पडद्यावरचं चित्र पुन्हा वर सरकायला लागलं. एक वर जातं न जातं तोच खालून दुसरं, त्याच्या मागं तिसरं. रहाटगाडग्याचे पोहरे फिरावेत तसं. रंगाचा तर पत्ताच नव्हता. सगळं राखेच्या रंगाचं, आणि मधूनमधून आडव्या रेषा.

"कॅसेट खराब हाय का?" भुजंग गुरुजींनी विचारलं.

"कॅसेट एकदम चांगली हाय, गुरुजी. पण ही अमेरिकेची. त्यांची चित्र भरायची रीत येगळी, आपली येगळी. आपल्या मशीनला ते धरताच येत न्हाई."

"मग इलाज?"

"इलाज मुंबईत. तिथं दोन्हीकडची मशीनं आसतात. तिकडचं चित्र इकडच्या रीतीत बसवून देतात."

इलाज आपल्याकडं नाही, हे सांगायला रंगनाथला आवडत नसे. मानवतच्या मोंढ्याच्या रस्त्यावर त्यानं आधी रेडिओ दुरुस्त केले, मग टेप, आणि आता सहा वर्षं व्हिडिओचं दुकान चालवत होता. बंद पडलेलं यंत्र त्याच्या दुकानाची पायरी चढलं की धाकानंच सुरू होतं, असं लोक म्हणत. तोही नाही म्हणत नसे.

गुरुजी खुर्चीच्या कडेवर बसले. देवगाव फाट्याच्या पुढच्या एका खेड्यातले ते; तिथल्या बौद्धवाड्यातून मास्तरकीपर्यंत पोचलेला पहिला माणूस. त्यांनी खिशातून एक पत्र काढलं, उघडलं नाही, नुसतं हातात धरलं.

"एकोणऐंशीच्या हिवाळ्यात एक अमेरिकन बाई आमच्या गावात आल्ती. आदल्या साली नामांतराच्या दंगलीत आमची घरं जळाली ना, ते सगळं तिनं फिल्मच्या कॅमेऱ्यात घेतलं. मी तवा औरंगाबादला होस्टेलात व्हतो. नंतर बाईनं मुंबईत आणखी मुलाखती घेतल्या, व्हिडिओवर. दोन्ही जोडून ही कॅसेट केली. आता ती बाई वारली. तिच्या भावाला घर आवरताना सापडली, वर माझा पत्ता व्हता, म्हणून पाठवली. दुसरी कुठं हाय का, त्यालाही मालूम न्हाई."

"तुमी हाव का यात?"

"मी न्हाई. माझी बहीण हाय. मनकर्णा. त्या बाईच्या वहीत लिवलेलं भावानं ह्या पत्रात उतरवून धाडलंय: अकराव्या मिनिटाला बायांची रांग हाय, त्या रांगेच्या उजव्या टोकाला. बाळंतपणाला माहेरी आल्ती. होळीच्या आधी गेली, लेकरू पोटातच ऱ्हायलं." गुरुजींनी पत्राची घडी सारखी केली. "तिच्या लग्नात फोटो काढला न्हवता. शाळेतला एक व्हता, तो घरासंगं जळाला. आईला आता तिचं तोंड आठवंना झालंय, भाऊ. आवाज आठवतो म्हणती, चाल आठवती. तोंडच येत न्हाई. बारा वर्षं झाली. लय रडती त्यासाठी."

रंगनाथनं मान हलवली. अठ्ठ्याहत्तरच्या त्या पावसाळ्यात तो मानवतलाच होता. रात्री लांबवर उजेड दिसायचा आणि लोक माळवदावर चढून कोणतं गाव असेल याचा अंदाज बांधायचे. त्यानं कोणाच्या घराला काडी लावली नव्हती, आणि कोणाची विझवलीही नव्हती. त्या दिवसांत त्याच्याकडं दुरुस्तीचे रेडिओ मात्र खूप साठले होते, आणि तो त्यांच्यातच गुंतला होता.

"काळजी करू नका, गुरुजी," तो म्हणाला. "अशी करून आणतो की थेटरात बसल्यावाणी दिसंल."

आणि हे तो मनापासून म्हणाला.

गुरुजी गेल्यावर त्यानं कॅसेट पुन्हा लावली. एकदा, मग आणखी दोनदा. ट्रॅकिंगचं बटण फिरवून पाहिलं, वायर बदलून पाहिली. अकराव्या मिनिटाला मुलाखत संपून रांग येत होती आणि तिथूनच चित्राच्या वरखाली काळ्या पट्ट्या लागत होत्या. मोठ्या फिल्मवर काढलेलं चित्र रुंद असतं. टीव्हीच्या चौकटीत ते सगळं मावायचं तर वरखाली जागा रिकामी राहायचीच. रंगनाथला हे पक्कं माहीत होतं. गिऱ्हाइकाला नव्हतं. पट्टीवालं पिक्चर भाड्यानं नेलं की दुसऱ्या दिवशी माणूस भांडायलाच येई: टीव्ही सगळा आणला, पिक्चर मधलंच कसं काय? या पट्ट्यांपायी त्यानं आजवर पुष्कळ शिव्या खाल्ल्या होत्या.

दर महिन्याला नव्या सिनेमांच्या कॅसेटी आणायला किशनराव मुंबईला जात. त्यांच्याजवळ त्यानं ही कॅसेट दिली, सोबत चिठ्ठी. 'चित्र स्थिर पाहिजे. रंगीत पाहिजे. पडदा पूर्ण भरून पाहिजे. पट्ट्या अजिबात चालणार नाहीत.' शेवटच्या ओळीखाली त्यानं दोन रेघा ओढल्या.

तीन आठवड्यांनी किशनराव दोन कॅसेटी घेऊन परतले, जुनी आणि नवी. रंगनाथनं नवी लावली आणि त्याचा जीव हरखला. चित्र हलत नव्हतं. काळी जमीन काळी, आभाळ निळं, बोलणाऱ्या माणसाच्या सदऱ्यावरची बारीक चौकडीसुद्धा दिसत होती. दोनतीन मिनिटं त्यानं पाहिलं, मग बटण दाबून पुढं पळवलं. पट्टी कुठंच नाही. शेजारच्या शिंप्याला बोलावून त्यानं दाखवलं. शिंपी म्हणाला, "इंग्रजी पिक्चर हाय का?" रंगनाथ म्हणाला, "आपल्याच फाट्यावरचं हाय," आणि स्वतःच्या कामगिरीवर खूश होऊन त्याला चहा पाजला.

चांगली प्रिंट हाती आली की खराब प्रिंटवर दुसरं काही भरायचं, ही व्हिडिओवाल्यांची जुनी रीत. दुकानातल्या निम्म्या कॅसेटी अशाच तीनतीनदा भरलेल्या होत्या. कोणी पुसू नये म्हणून अमेरिकेच्या कॅसेटच्या पाठीवरची प्लास्टिकची चीप आधीच मोडून टाकलेली होती. ती मोडून खाच पडली की कॅसेटवर भरता येत नाही. रंगनाथनं त्या खाचेवर चिकटपट्टीचा तुकडा लावला. हे काम तो झोपेतही करू शकला असता. चारठाण्याच्या एका लग्नाचं शूटिंग तयार होतं, ते त्यानं अमेरिकेच्या कॅसेटवर उतरवलं. कॅसेट भारी होती. हळदीचा रंग फार छान बसला.

रविवारी दुपारी गुरुजी आईला घेऊन आले. बायनाबाई वाळल्या अंगाच्या, उंच होत्या. खुर्ची पुढं केली तरी त्या टीव्हीसमोर खालीच बसल्या. धुतलेलं पातळ नेसून आल्या होत्या. लेकीच्या सासरी जाताना बाई नेसते तसं, चापूनचोपून. बसल्यावर त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा लावला.

"पाणी देऊ का, मावशी?"

"आधी लावा, दादा."

मुलाखती चालू झाल्या. बायनाबाईंनी एक शब्द ऐकला नसावा. गुरुजी हातातल्या घड्याळाकडं पाहत होते. अकरावं मिनिट आलं आणि रांग आली. भाजलेल्या भिंतींवर नवे पत्रे टाकलेले, त्यांच्यापुढं नऊदहा बाया उभ्या. पडदा काठोकाठ भरलेला होता. मुंबईच्या माणसानं चिठ्ठी नीट वाचली होती. रुंद चित्र आलं तिथं त्यानं ते ताणून मोठं केलं होतं, आणि मोठं केल्यावर दोन्ही बाजूंचं जे मावलं नाही ते सोडून दिलं होतं. उजव्या टोकाला एका घागरीचा काठ होता आणि घागरीवर वाकलेलं एक कोपर.

त्याच्यापुढं टीव्हीची लाकडी चौकट होती.

रंगनाथनं घाईनं चित्र थांबवलं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. पण ही म्हण हसून सांगायची असते, आणि इथं हसण्यासारखं काही नव्हतं.

बायनाबाई पुढं सरकल्या. त्यांनी पडद्याच्या काचेला हात लावला, कोपराजवळ, आणि टीव्हीच्या बाजूला वाकून पाहिलं, जणू मागं कोणी उभं असावं.

"भुजंगा, हे तिचंच की रं. पुढचं कुठं हाय?"

गुरुजी रंगनाथकडं वळले. "हे थोडं इकडं सरकवता येईल का?"

"न्हाई, गुरुजी. मुंबईतच कटलं ते. मीच लिवलं व्हतं, पडदा भरून करा म्हणून."

"बरं. मग ती पहिलीच लावा. फिरती तर फिरू द्या. रंग नको आमाला. एक डाव आईला दिसली म्हणजे झालं."

रंगनाथ उठला नाही. फळीवर डाव्या हाताला ती कॅसेट होती, पाठीवर लग्नाच्या नावाची पांढरी चिठ्ठी. त्याला एकदा वाटलं, हरवली म्हणून सांगावं. पण त्यानं खरं ते सांगितलं. सांगताना चिकटपट्टीपाशी त्याची जीभ अडखळली.

रागानं गुरुजी दोन शब्द बोलले असते तर रंगनाथला आधार वाटला असता. त्यांनी फक्त विचारलं, "कशाला पण?"

"सवय, गुरुजी."

बाहेरून जीप गेली, तिच्यावरचा कर्णा कसल्या तरी सभेची वेळ सांगत होता. पडद्यावर बाया थांबून होत्या. बायनाबाईंनी तो सगळा प्रकार समजून घ्यायला थोडा वेळ घेतला. मग त्या रंगनाथकडं वळल्या. डोळ्यांत पाणी नव्हतं. काही तरी अजून शिल्लक आहे अशा आशेनं त्या बघत होत्या, आणि तेच त्याला सोसवेना.

"दादा, तुमी तर पाहिली ना ती पहिली?"

"पाहिली, मावशी."

"किती खेपा?"

"चार-पाच खेपा."

"मंग तुमीच सांगा. शेवटचं तिला पाहिलेलं माणूस तुमी. कशी व्हती? तोंड कसं व्हतं तिचं?"

रंगनाथनं डोळे मिटले. त्याला ती कॅसेट शेवटपर्यंत आठवत होती. रेषा कुठं सुरू होतात, चित्र मिनिटाला किती वेळा उडी मारतं, पट्ट्या कुठून लागतात, आवाज कुठं चिरकतो. उजव्या टोकाला काही तरी उभं होतं. त्यानं ते चार-पाच वेळा वर जाताना पाहिलं होतं. तोंडाच्या जागी काहीच नव्हतं. तो यंत्र पाहत होता.

म्हातारी वाट पाहत होती. रिकाम्या हातानं तिला पाठवायचं त्याच्यानं होईना. त्यानं डोळे उघडले आणि पडद्यावरच्या थांबलेल्या रांगेत मधोमध उभ्या असलेल्या उंच, वाळल्या बाईवर बोट ठेवलं.

"चांगली हासत व्हती, मावशी. तुमच्याकडंच पाहायलती. ह्या हितं मधी तुमी उभ्या हाव ना, तुमच्याकडं मान वळवून."

गुरुजींनी खाली पाहिलं. बायनाबाई त्याच्या बोटाकडं पाहत राहिल्या, मग बोटाखालच्या बाईकडं, मग पुन्हा त्याच्याकडं.

"ती मी न्हाई, दादा," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. चुकलेल्या लेकराला सांगावं इतक्या सावकाश त्या बोलत होत्या. "ती आमची सुलाबाई. मी तवा कापूस येचायला गेलते. मी ह्याच्यात कुठंच न्हाई."

त्यांनी हात टेकला आणि उठल्या. गुरुजींनी त्यांचा दंड धरला. दोघं पायरी उतरून फाट्याकडच्या बसला निघून गेले, तेव्हा रंगनाथचं बोट अजून सुलाबाईवरच होतं.