शिडीवर शिक्का

प्लेगच्या साली अर्धं सुरत मिळेल त्या गाडीनं पळालं, तेव्हा भगवंत सपकाळे पळाला नाही. लिंबायतच्या गल्ल्यांमधून आजारी माणसं उचलायची, नरेंद्रच्या रिक्षात घालायची आणि सिव्हिल हॉस्पिटलात पोचवायची, हे काम त्या दोघांनी तोंडाला ओला रुमाल बांधून केलं. आमदार छगनभाई त्या दिवसांत शहरात नव्हते. ते परतले तेव्हा गल्लोगल्ली पांढरी पावडर टाकून झाली होती.

पुढच्या फेब्रुवारीत विधानसभेची निवडणूक लागली आणि भगवंत अपक्ष म्हणून उभा राहिला. तो डाइंग मिलमधला कामगार. बोलायला लागला की लोक हातातलं काम बाजूला ठेवत. त्याला निशाणी मिळाली शिडी. नरेंद्रनं बायकोलाही न विचारता रिक्षाच्या टपावर भोंगा बांधला आणि दुसऱ्या दिवसापासून भाडी घेणं बंद केलं. चैतालीला विचारलं असतं तर तिनंही हेच सांगितलं असतं. प्लेगात तिची आई, रंभाबाई, तापानं फणफणली होती. तिला भगवंतनंच खांद्यावर घेऊन रिक्षापर्यंत आणलं होतं.

ही सगळी मंडळी भुसावळकडची. कुणी रेल्वेच्या कामानं, कुणी लूमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, काम मिळेल म्हणून ताप्ती लाइननं आलेली. चैतालीचा धाकटा भाऊ धम्मरत्नही तसाच आला होता. वडील गेल्यावर चैतालीनंच त्याला वाढवलं. आधी लूमवर होता, मग छगनभाईंच्या ऑफिसात लागला. काम काय, हे कुणी विचारायचं नाही. मोटारसायकल होती, बुटांना पॉलिश असायचं. सणाला बहिणीकडे यायचा आणि आईच्या हातात फळांची पिशवी द्यायचा.

मतदानाला आठवडाभर असताना तो भर दुपारी आला. चैताली दारात बसून साडीला टिकल्या चिकटवत होती.

"दाजी कुठी हायेत?"

"येतीलच जेवायला. बस ना. भाकर खातो का?"

तो बसला नाही. "ताई, त्यायले सांग, आज फाटकाकडे जाऊ नका म्हना."

"काबरं?"

"सीट हलू राह्यली. जो तो शिडी शिडी करू राह्यला. भाईंले ते समजलं."

"समजलं तर भाईंनी लोकांकडे यावं. प्लेगात कुठी होते ते?"

"मी तुह्याशी भांडायले नाही आलो," धम्मा म्हणाला. "तू एवढं सांग." आणि तो गेला.

नरेंद्र जेवायला आला तेव्हा चैतालीनं सांगितलं. तो हात धुऊन पाणी प्याला. "फाटकापलीकडे लूमची सगळी खाती आहेत," तो म्हणाला. "पाळी सुटायच्या वेळी गेलो नाही तर मग जायचं तरी केव्हा? अन् धम्मा मला भेटला तर मी त्यालाच भोंग्यावर बसवीन."

रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी जायची होती आणि दोन्ही बाजूंना सायकली, टेम्पो, पाळी सुटलेली माणसं खोळंबली होती. नरेंद्रची रिक्षा त्या गर्दीत अडकली. भोंग्यावर तो बोलत होता, "शिडीवर शिक्का, भगवंतला मत," एवढ्यात मागून मोटारसायकली आल्या. कुणीतरी आधी वायर ओढली. आवाज बंद झाला तसं लोकांनी वळून पाहिलं आणि ते मागे सरकायला लागले.

नरेंद्रला कॉलर धरून बाहेर खेचलं. पहिला फटका हॉकीचा होता, पोटरीवर. तो गुडघ्यावर आला. मग पाठीवर, बरगड्यांवर. त्यानं डोकं दोन्ही हातांत घातलं. कुणीतरी त्याचा उजवा हात पकडून डोक्यापासून सोडवला आणि रुळाच्या कडेला दगडावर दाबून धरला. नरेंद्रनं वर पाहिलं. हात धरणारा धम्मा होता. दुसऱ्यानं पाइप उचलला आणि मनगटावर घातला, मग पुन्हा त्याच जागेवर. हाड मोडल्याचा आवाज नरेंद्रला गाडीच्या खडखडाटातही ऐकू आला. कुणी रिक्षाच्या टाकीत चिंधी घातली, काडी लावली. फाटक उघडलं तेव्हा रिक्षा जळत होती आणि माणसं तिला वळसा घालून घरी चालली होती.

हॉस्पिटलात त्यानं चैतालीला एकच वाक्य सांगितलं. "हात धम्मानं धरला होता."

धम्मा संध्याकाळी तिथं आला. व्हरांड्यात, खांबाशी उभा राहिला. चैताली बाहेर आली आणि तिनं त्याच्या तोंडात मारली, उलट्या हातानंही मारली. त्यानं मान फिरवली नाही.

"डोकं फोडायचं ठरलं होतं, ताई," तो म्हणाला. "वरून तसंच सांगेल होतं. मी म्हटलं हात तोडू, रिक्षा चालवायची राह्यली म्हणजे झालं. हात धरला नसता तर तू आता इथं नाही, मसणवटीत उभी असती."

"मग तुह्ये पाय धरू का मी?"

तो पुढे आला तशी तिनं हात आडवा केला.

"माह्या दारात येऊ नको. मायच्याही समोर येऊ नको."

दुसऱ्या दिवसापासून चैताली स्वतः प्रचाराला निघाली. तिच्याबरोबर गल्लीतल्या बाया होत्या, हातात साधा भोंगा होता. ती भाषण करायची नाही. नवऱ्याचा हात कुठं मोडला, कसा मोडला, रिक्षा कशी जाळली, एवढं सांगायची आणि पुढच्या गल्लीत जायची. लोक खिडक्यांतून ऐकत. छगनभाईंच्या पोरांनी बुद्धविहारासमोर त्यांच्यावर सोड्याच्या बाटल्या फेकल्या. एका बाईचा गाल कानापर्यंत फाटला. चैतालीनं पदरानं तिचा गाल दाबून धरला आणि दुसऱ्या हातातला भोंगा खाली ठेवला नाही.

भगवंतच्या बाजूला गणपत नावाचा लूम मास्तर होता. सगळी तरुण पोरं त्याच्या शब्दात. बाटल्या पडल्या त्या दिवशी त्यानं खात्यांतून लोखंडी पाइप आणवले आणि प्रचाराच्या कचेरीच्या मागच्या खोलीत भिंतीला लावून ठेवले. भगवंत खोलीत आला, त्यानं पाइप पाहिले.

"मतदानापर्यंत हात उचलायचा नाही," तो म्हणाला.

"नाही उचलत," गणपत म्हणाला.

पाइप मात्र तिथंच राहिले. हलवा असं कुणी सांगितलं नाही.

मतदान म्युनिसिपालिटीच्या शाळेत होतं. सकाळपासून बायांची रांग गेटच्या बाहेर गेली होती. ऊन चढलं होतं. चैताली आईचा हात धरून उभी होती, रंभाबाईनं डोक्यावर ओला टॉवेल घेतला होता. त्यांचा नंबर वर्गाच्या दारापर्यंत आला असेल नसेल, तेवढ्यात छगनभाईंची माणसं गेटमधून आत घुसली. पुढच्याच्या हातात तलवार होती, बाकीच्यांकडे हॉकी आणि ट्यूबलाइटी. त्यांना मतपेटी हवी होती. दारावरच्या हवालदारानं काठी आडवी धरली, त्याच्या कपाळावर ट्यूब फुटली आणि तो रक्तानं आंधळा होऊन खाली बसला.

रांग मोडली. बाया ओरडत भिंतीकडे धावल्या. चैताली वर्गाच्या दारातच उभी राहिली, तिच्यामागे आणखी काहीजणी दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. तलवारवाल्यानं त्यांच्याकडे पाहिलं आणि एक शिवी दिली. तेवढ्यात शाळेच्या मागच्या भिंतीवरून गणपत आणि त्याची पोरं पाइप घेऊन उड्या टाकत आली.

मग मैदानात कोण कुणाला मारतंय ते कळेना. पाइप हाडावर बसला की निराळा आवाज येतो, हॉकी बसली की निराळा. एकाचा जबडा लोंबत होता आणि तो दोन्ही हातांनी तो सावरत पळत होता. तलवार कधीच कुणाच्या तरी पायाखाली गेली होती. छगनभाईंची माणसं संख्येनं कमी होती. ती गेटकडे पळाली.

त्या पळापळीत रंभाबाई पडली. आईचा हात कधी सुटला ते चैतालीला कळलं नव्हतं. तिनं पाहिलं तेव्हा म्हातारी मैदानाच्या मधोमध पालथी पडली होती आणि माणसं तिच्यावरून उड्या मारत होती. गेटपाशी पोचलेला एकजण थांबला, वळला आणि उलटा धावत आला. तो धम्मा होता. त्यानं हातातली हॉकी टाकली, आईच्या काखेत हात घालून तिला उठवायला वाकला.

पहिला पाइप त्याच्या पाठीत बसला. तो आईवर न पडता बाजूला कोसळला. पोरांनी त्याला घेरलं.

चैताली ओरडत धावली. "गणपतदादा, थांबा. तो माझा भाऊ आहे."

गणपतनं वळून पाहिलं. "माहीत आहे. ह्यानंच नरेंद्रचा हात धरला ना?"

"त्याचं माझं मी पाहीन. सोडा त्याला."

धम्मा गुडघ्यावर आला होता. त्यानं हात जोडले. कुणाकडे बघून जोडले ते सांगता येणार नाही, त्याच्या डोळ्यांत माती गेली होती. चैतालीनं गणपतच्या हातातला पाइप धरला. गणपतनं तो हिसकला, त्याचं टोक तिच्या तोंडावर बसलं आणि तिचे पुढचे दात तुटले. ती मागे पडली. पडता पडता तिला दिसलं की गणपतनं पाइप दोन्ही हातांनी वर घेतला आणि धम्माच्या डोक्यावर आणला. एकदा, आणि तो आडवा झाल्यावर परत एकदा.

रंभाबाई हातापायांवर रांगत आली आणि लेकाचं डोकं मांडीवर घेऊन बसली. डोक्याला आकार राहिला नव्हता. हॉस्पिटलात नेईपर्यंत टेम्पोतच तो गेला.

तासाभरानं मतदान परत सुरू झालं.

भगवंत भेटायला आला तो अंत्यसंस्कारानंतर. मतमोजणीला अजून अवकाश होता. रंभाबाईसमोर तो हात जोडून बसला. मग चैतालीला म्हणाला, "ताई, पोलीस जबाब घ्यायला येतील."

"येऊ द्या."

"गर्दी होती. कुणी मारलं ते कळलं नाही, एवढंच सांगायचं. खोटं पण नाही ते."

"मला कळलं आहे." तुटलेल्या दातांमुळे तिचे शब्द नीट उमटत नव्हते. "मी पाइप धरला होता."

"गणपत गेला तर पोरं फुटतील. छगनभाई म्हणतील, मारामारी ह्यांनीच केली, फेरमतदान घ्या. सीट गेली तर परत प्लेग, परत तीच घाण. धम्मा परत येणार आहे का?"

"तुम्ही पाइप पाहिले होते ना, भगवंतदादा?"

नरेंद्र प्लॅस्टर घातलेला हात मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसला होता. भगवंत त्याच्याकडे वळला. "तू तरी समजाव हिला."

तो गेल्यावर नरेंद्र म्हणाला, "माझा हात ह्या निवडणुकीत गेला. तोही वाया घालवायचा का?"

"तुमचा हात धरणाऱ्याला मी घरातून हाकललं," चैताली म्हणाली. "तुमच्यासाठी हाकललं. मग ह्याला का सोडू?"

"मी येणार नाही चौकीत."

"नका येऊ."

ती आईला घेऊन गेली. इन्स्पेक्टरनं दोनदा विचारलं, नक्की गणपतच का. तिनं दोन्ही वेळा तेच सांगितलं. रंभाबाईनं अंगठा दिला. त्याच दिवशी पोलिसांनी गणपतला त्याच्या लूमच्या खात्यातून उचललं.

भगवंत थोड्या मतांनी निवडून आला. मिरवणूक त्यांच्याच गल्लीतून गेली, ढोलताशे, गुलाल. दारासमोर ती थांबली आणि पत्र्यावर दगड पडायला लागले. बाहेरून आवाज येत होते, छगनभाईची बाई, गद्दार. नरेंद्र उठला. त्यानं दार उघडलं आणि उंबऱ्यात बसला, मोडका हात पोटाशी, चांगल्या हातात भाजीची विळी. दगड त्याच्या खांद्यावर लागला, कानाला लागला. तो हलला नाही. ढोल पुढे गेल्यावर तो आत आला आणि कानाचं रक्त पुसून घेताना म्हणाला, "इथं राहता येणार नाही आता."

ते सुरतेबाहेर सचिन नावाच्या गावात राहायला गेले. नरेंद्रची मूठ पुन्हा नीट वळली नाही, रिक्षा सुटली ती सुटलीच. केमिकलच्या एका कारखान्याच्या गेटवर त्याला काम मिळालं. चैताली तिथंही साड्या आणून टिकल्या लावायची. भगवंत वर्षभरात सत्तेतल्या माणसांबरोबर दिसायला लागला. लिंबायतला नळ आले म्हणतात, गटारं बांधली गेली. हेही खरं होतं आणि चैताली ते नाकारत नसे.

खटला रेंगाळला. कोर्टात गणपतच्या वकिलानं तिला विचारलं, "तुम्ही ह्याच उमेदवाराचा प्रचार करत होता ना?"

"करत होते."

"मतही त्यालाच दिलं असतं?"

"दिलं असतं."

"मग त्याच्या माणसाविरुद्ध का बोलता?"

"माझ्या डोळ्यांसमोर मारलं म्हणून," ती म्हणाली.

गणपतला शिक्षा झाली. कोर्टाच्या आवारात त्याची बायको भिंतीशी बसून रडत होती, पदराखाली तान्हं होतं. नरेंद्र म्हणाला, "चला, बस निघेल." रंभाबाई त्याच्याबरोबर दोन पावलं गेली, मग वळली आणि त्या बाईशेजारी जाऊन खाली बसली.

"जा तुम्ही इथून," गणपतची बायको म्हणाली.

रंभाबाई उठली नाही. पोर किरकिरायला लागलं तसा तिनं आपला पदर त्याच्यावर उन्हापुरता आडवा धरला. बाईनं तो एकदा झटकला. म्हातारीनं परत धरला. ह्या वेळी बाईनं हात उचलला नाही. चैतालीनं नरेंद्रला खुणेनं थांबायला सांगितलं, आणि पुढची बस मिळेल असं म्हणून ती दोघं झाडाखाली उभी राहिली.