मे महिन्यातली कानटोपी

सोलापुरात मे महिन्यात एखादी बाई ‘मला फार गरम होतंय’ म्हणाली, तर तिच्याकडं कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही. का बघावं? रिक्षावाल्याला गरम होतंय, भाजीवालीला होतंय, तलावातल्या माशांनाही होत असणार. पण प्रभाबाईंना ते डिसेंबरातही व्हायचं. फळ्यावर वर्तुळ काढता काढता छातीतून एक वाफ निघायची, मानेवरून कानशिलांत चढायची, आणि बघता बघता ब्लाऊजची पाठ चिंब. दोन-तीन मिनिटांचा खेळ, मग घाम वाळताना हुडहुडी. दिवसातून दहा-बारा वेळा. पाळी जाऊन वर्ष झालं होतं, पण वाफा तीन वर्षांपासून मुक्कामाला होत्या.

त्यांचे यजमान एकनाथराव बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचं यावर मत ठरलेलं होतं. “सोलापुरात गरम कुणाला होत नाही? वयाचं असतं ते. मन रमव कशात तरी.” एवढं बोलून ते पंखा पाचवरून दोनवर आणायचे, कारण पाचवर त्यांचा पेपर उडायचा. प्रभाबाई तशा काही गरीब गाय नव्हत्या. आठवीच्या साठ पोरींना त्या नुसतं चष्म्यावरून बघून गप्प करत. पण घरातल्या त्या पंख्यापुढं त्यांचं काही चालत नसे.

यंदा मात्र प्रश्न नुसत्या घामाचा राहिला नव्हता. शाळेच्या मुख्याध्यापिका एकतीस मेला निवृत्त होणार होत्या आणि सेवाज्येष्ठतेच्या यादीत पुढचं नाव प्रभाबाईंचं होतं. सव्वीस वर्षं वाट पाहिलेली खुर्ची! आणि नेमकं फेब्रुवारीत, दहावीच्या निरोप समारंभात, संस्थेचे सगळे संचालक पुढं बसलेले असताना भाषणाच्या तिसऱ्या वाक्याला वाफ आली. बाईंनी पदरानं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं, वाक्य कुठं गेलं ते सापडेना, शेवटी “धन्यवाद” म्हणून त्या खाली बसल्या. त्या दिवसापासून यादीतलं त्यांच्या खालचं नाव, म्हणजे सिद्धनाथ सर, त्यांच्या तब्येतीची फार काळजी करू लागले.

काळजी तरी किती करावी माणसानं! एप्रिलच्या शेवटी सर चक्क नकारपत्र टाइप करूनच घरी घेऊन आले. ज्येष्ठ शिक्षकाला मुख्याध्यापकपद नको असेल तर त्यानं तसं लेखी द्यायचं, अशी शाळांमधली रीत आहे. ‘प्रकृतीच्या कारणास्तव मी सदर पद स्वीकारण्यास असमर्थ आहे. हा नकार मी स्वखुशीने देत असून माझ्यावर कोणाचेही दडपण नाही.’ खाली सहीपुरती जागा. कागदही साधासुधा नाही, लग्नपत्रिकेला शोभेल असा जाडजूड.

“घाई काही नाही बाई,” सर म्हणाले. “पंचवीस मेपर्यंत संस्थेत पोचलं की झालं.”

एकनाथरावांनी चष्मा लावून कागद वाचला. “मराठी शुद्ध आहे. करून टाक सही. झेपणार आहे का तुला हे आता?”

प्रभाबाईंनी सही केली नाही. कागद टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी त्या जुळे सोलापूर भागातल्या एका दवाखान्यात गेल्या. तिथली डॉक्टर उत्कर्षा त्यांचीच विद्यार्थिनी, आठवी ब मधली, आता मानसोपचाराची डॉक्टर झालेली. हॉर्मोनच्या गोळ्या द्यायला बाईंच्या नेहमीच्या डॉक्टर तयार नव्हत्या, कारण बाईंच्या आईला स्तनाचा कॅन्सर झाला होता. उत्कर्षानं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही ‘वयाचं असतं’ म्हणाली नाही. तेवढ्यानंच बाईंना निम्मं बरं वाटलं.

“बाई, आपण संमोहन करून बघू,” ती म्हणाली. “यात जादूबिदू काही नाही. डोळे मिटून अंग सैल सोडायचं आणि मनानं अशा जागी जाऊन बसायचं, जिथं तुम्हाला आतून गार वाटलं होतं. आठवड्याला एक अशा पाच बैठका, आणि रोज घरी सराव. वाफा अगदी बंद होतील असं नाही म्हणत मी, पण पुष्कळ जणींच्या कमी होतात.”

संमोहन हा शब्द घरी पोचला आणि एकनाथरावांनी लगेच पायात चपला सरकवल्या. तीन वर्षांत ते बायकोबरोबर एकदाही दवाखान्यात गेले नव्हते. पण बायको परक्या ठिकाणी डोळे मिटून बसणार, तोंडातून काय निघेल याचा भरवसा काय? “माझ्यावर असले प्रयोग चालत नाहीत,” असं त्यांनी जिन्यातच डॉक्टरला सांगून टाकलं. “चौतीस वर्षं बँकेत काढलीत मी. मी फक्त लक्ष ठेवायला आलोय.”

खोलीत दोन आरामखुर्च्या होत्या. एकीत बाई, दुसरीत लक्ष ठेवणारे.

“बाई, तुम्हाला सगळ्यात गार वाटलेली जागा कुठली?” उत्कर्षानं विचारलं.

प्रभाबाईंनी विचार करायला म्हणून श्वास घेतला, तोवर एकनाथराव म्हणाले, “महाबळेश्वर. लिहा.”

उत्कर्षानं वहीवरून मान वर केली. “काका, मी बाईंना विचारतेय.”

“तिचंही तेच आहे. विचारा की तिला.”

उत्कर्षा बाईंकडं बघत राहिली. आणि प्रभाबाई, साठ पोरींना धाकात ठेवणाऱ्या प्रभाबाई, अठ्ठावीस वर्षांच्या सवयीनं म्हणाल्या, “हो, चालेल महाबळेश्वर.” हॉटेलात भाजी कुठली मागवायची, पडद्याचा रंग कोणता, ताप आला तर डोकं दुखतंय की अंग, याची उत्तरं त्या घरात नेहमी अशीच दिली जायची. त्या सवयीनं आता संमोहनातही घुसखोरी केली.

खरं तर महाबळेश्वर बाईंनी पाहिलंच कुठं होतं? लग्नानंतर सासू, दीर, नणंद धरून आठ जणांना घेऊन ती सहल निघाली होती. बाकीचे पॉइंट बघायला जायचे आणि बाई भाड्याच्या खोलीत रॉकेलच्या स्टोव्हवर आठ माणसांचं पिठलं-भात करायच्या. म्हणून उत्कर्षा हळू आवाजात “गार धुकं गालाला लागतंय” म्हणाली तेव्हा बाईंच्या नाकाला रॉकेलचा वास आला, आणि “पायाखालची माती ओली आहे” म्हणाली तेव्हा एक सणसणीत वाफ आली. शेजारच्या खुर्चीत मात्र एकनाथरावांची मान छातीवर टेकली होती आणि ते दोन्ही हात काखेत घालून बसले होते.

घरी आल्यावर त्यांनी कूलर बंद केला. मग पंखा. मग म्हणाले, “गारठा पडलाय नाही?” बाहेर पारा त्रेचाळीसवर होता.

दुसऱ्या दिवशी ते चादर पांघरून कोचावर बसले. सोलापूर सगळ्या जगाला चादरी पुरवतं, पण मे महिन्यातल्या दुपारी खुद्द सोलापुरात चादर पांघरलेला माणूस त्या गल्लीनं पहिल्यांदा पाहिला. आणि काय सांगावं, घर हललं! शेजारी धावले. पुण्याहून आशिष, त्यांचा मुलगा, रजा टाकून आला. आईच्या वाफांबद्दल त्यानं दोन वर्षांपूर्वी फोनवर एक लिंक पाठवली होती, तेवढीच. मलेरिया, टायफॉइड, थायरॉइड, सगळं तपासलं. सगळं नॉर्मल. मोहोळहून थोरल्या नणंदबाई, बजाबाई, हुलग्यांचं पीठ घेऊन आल्या आणि माडगं करून पाजू लागल्या.

“लई वंगाळ थंडी हाय ही,” त्या भावाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. “प्रभे, तुला दिसलं न्हाय व्हय गं? घरात ऱ्हातीस की तू.”

प्रभाबाई बंद पंख्याखाली उभ्या होत्या आणि त्यांच्या हनुवटीवरून घाम गळत होता. तोही कुणाला दिसला नाही. बाईंना त्या क्षणी रडू येत होतं, पण रडलं तर अजून गरम होतं, म्हणून त्या रडल्या नाहीत.

“कानाला वारा लागतोय,” एकनाथराव म्हणाले. “कानटोपी आण.”

आणि भर दुपारी बाराच्या उन्हात प्रभाबाई नवी पेठेत कानटोपी शोधत फिरल्या. दोन दुकानदारांनी नुसतीच मान हलवली. तिसऱ्या दुकानातल्या मडिवाळप्पांनी आधी विचारलं, “नाटकात पायजे का काय बाई?” मग माळ्यावर चढून धुळीनं माखलेलं खोकं खाली काढलं. खोकं उघडलं आणि त्या लोकरीकडं बघूनच बाईंना वाफ आली. त्या काउंटरला धरून उभ्या राहिल्या. मडिवाळप्पांनी काही न विचारता टेबलफॅन त्यांच्याकडं वळवला, पाण्याचा तांब्या पुढं सरकवला आणि म्हणाले, “बसा की बाई आधी. पाणी प्या.”

पाणी पिता पिता बाईंच्या आत काहीतरी जागं झालं. हे शब्द कुणीतरी त्यांना फार पूर्वी म्हटले होते. कानटोपी पिशवीत टाकून त्या रिक्षानं थेट दवाखान्यात गेल्या. एकट्या.

उत्कर्षानं एकनाथरावांची हकिकत ऐकली आणि तिला हसू आवरेना. “काही माणसं फार लवकर आत जातात, बाई. काकांना घेऊन या, दहा मिनिटांत उतरवते.”

“ते येणार नाहीत,” बाई म्हणाल्या. “आलं तर मान्य करावं लागेल ना, की त्यांच्यावर चाललं म्हणून. त्यापेक्षा ते कानटोपी घालतील.” मग आरामखुर्चीत बसत म्हणाल्या, “तू मला परत विचार. जागा कुठली ते.”

या वेळी मधे बोलायला कुणी नव्हतं. बाईंनी डोळे मिटले, आणि जागा आपणहून आली. नोकरीचं पहिलं वर्ष. एप्रिल. सासूबाईंच्या सांगण्यावरून लिहिलेला राजीनामा पर्समध्ये घेऊन त्या मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेल्या होत्या. शरणम्मा बाई होत्या तेव्हा. शहाबादी फरशी, खिडकीला पाणी मारलेले वाळ्याचे पडदे, कोपऱ्यात माठ. शरणम्मा बाई म्हणाल्या होत्या, “आधी बस. पाणी पी. मग सांग.” पाणी पिऊन झाल्यावर सांगायचं राहूनच गेलं. तो राजीनामा पर्समध्येच जुना झाला.

“पायाला काय लागतंय?” उत्कर्षानं हळूच विचारलं.

“फरशी. गार आहे.”

“कुठं बसलाय तुम्ही?”

“टेबलाच्या पलीकडं,” त्या म्हणाल्या. “शरणम्मा बाईंच्या खुर्चीत.” आणि मिटल्या डोळ्यांतून त्यांच्या गालावर पाणी आलं. आपल्याला ती खोली किती हवी आहे, हे त्यांनी आजवर स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं.

त्या रोज सकाळ-संध्याकाळ न्हाणीघराचं दार लावून सराव करू लागल्या. न्हाणीघर यासाठी, की घरात दाराला आतून कडी असलेली तेवढीच जागा त्यांच्या वाट्याची होती. दोन आठवड्यांत बारा वाफांच्या सात झाल्या. उरलेल्या सातही येऊन मुकाट जायच्या.

पंचवीस मेला दुपारी सिद्धनाथ सर आले. कोचावर एकनाथराव कानटोपी घालून, शेजारी माडग्याची वाटी धरून बजाबाई. आशिष पुण्याला परत गेला होता. सरांनी आल्या आल्या कपाळावरचा घाम पुसून पंख्याकडं बघितलं, पंखा बंद होता. “आजच्या दिवसात पोचायला हवं बाई,” ते म्हणाले.

एकनाथरावांनी कप्प्यातला कागद काढून पुढं केला. “कर सही. आता तर मीच आजारी आहे. घरात माणूस नको?”

“नवऱ्याला बगायचं सोडून साळंत खुर्ची कशाला पायजे गं?” बजाबाई म्हणाल्या. “हितं काय खुर्च्या न्हाईत का?”

सरांनी पेनाचं टोपण काढून दिलं. आणि त्याच वेळी छातीतून ती निघाली, चांगली मोठी, नेहमीच्या वाटेनं. तिघंही बघत होते. प्रभाबाईंनी पेन टेबलावर ठेवलं, ताठ बसल्या आणि सगळ्यांच्या देखत डोळे मिटले.

“आता गं बया, हिच्या अंगात आलं का काय,” म्हणत बजाबाई हळदीकुंकवाचा करंडा आणायला उठल्या. बाईंनी सावकाश श्वास सोडला. पायाखाली फरशी गार लागली. वाळ्याचा वास आला. वाफ कानशिलांपर्यंत आली आणि तिथून परत फिरली. मानेवर घाम होता, असू दे. त्यांनी डोळे उघडले, नकारपत्र उचललं, त्याची नीट घडी घातली आणि त्यानं स्वतःला वारा घेऊ लागल्या.

“बाई, चुरगळेल ते,” सिद्धनाथ सर पुढं सरकत म्हणाले. “संस्थेत द्यायचंय.”

“कागद छान निवडलात सर. जाड आहे, वारा चांगला लागतो,” प्रभाबाई म्हणाल्या आणि चष्म्यावरून त्यांच्याकडं बघितलं. आठवीच्या पोरी बसायच्या तसे सर खाली बसले. “एक जूनला भेटू. काही सांगायचं असलं तर दारावर टकटक करून आत या. पाणी देईन.”

सरांनी पेन उचलून त्याला टोपण लावलं.

“अगं, तो वारा इकडं येतोय,” एकनाथराव चादर गळ्यापर्यंत ओढत कुरकुरले. “मला थंडी वाजतेय, कळत नाही का तुला?”

“सोलापुरात थंडी कुणाला वाजते हो?” प्रभाबाई म्हणाल्या. “वयाचं असतं ते. मन रमवा कशात तरी.”

आणि उठून त्यांनी पंखा पाचवर केला.