स्टेजखालची बाई

त्या शाळेत मंडळं म्हणाल तर पावलागणिक. नाच मंडळ, देखावे मंडळ, गाणी मंडळ, एवढंच काय, नुसते दगड गोळा करणाऱ्यांचंसुद्धा मंडळ होतं आणि त्यांच्या खोलीचं दार दगडांमुळे उघडायचं नाही. या सगळ्यांत सगळ्यात लहान होतं ते थापा मंडळ. माणसं दोन. एक टकळी, जिचं तोंड झोपेतसुद्धा चालायचं, आणि दुसरी तिची मावसबहीण काडी. काडी एवढी बारीक होती, की आरशासमोर एका अंगानं उभी राहिली तर आरसा रिकामा दिसायचा.

थापा मारायला दोघींना शिकवलं मामानं. मामा ट्रक चालवायचा. त्याच्या ट्रकचा हॉर्न एकदा एवढा मोठ्यानं वाजला, की रस्त्यावरच्या म्हशीच्या पोटात दुधाचं दही झालं, असं तो जेवताना सांगायचा आणि भाजी वाढून घ्यायचा. पण मामाचा एक नियम होता. "थाप कितीही मारा. पण कान धरला, की संपलं. कान धरून बोलाल ते खरंच असलं पाहिजे. हे मोडलंत तर मी तुमचा मामा नाही."

आणि आणखी एक गोष्ट सांगायचा. "थापेला दागिने लागतात गं. खरं कसं, घरच्या कपड्यांत येऊन दारात उभं राहतं."

तर त्या वर्षी मोठ्या बाईंनी, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिकांनी जाहीर केलं, की कलागुणांच्या कार्यक्रमात ज्या मंडळाला टाळ्या पडणार नाहीत ते बंद. टकळीचा जीव खालीवर झाला. ती आणि काडी डोक्याला डोकं लावून बसल्या आणि त्यांनी एक बेत शिजवला.

हॉलमधलं स्टेज लाकडाचं होतं. त्याच्या खाली कमरेएवढी पोकळी, आणि आत शिरायला विंगेतून एक बुटकं दार. टकळीनं वर उभं राहून स्टेजखाली राहणाऱ्या बाईची गोष्ट सांगायची आणि "बाई, आहात का?" असं विचारलं, की आत दडलेल्या काडीनं खालून तीनदा टकटक करायची. बस, एवढंच.

"आत काळोख असेल," टकळी म्हणाली.

"मग काय झालं? मी डोळे मिटून घेईन, म्हणजे दिसणारच नाही," काडी म्हणाली. पण तिचा आवाज कोरडा पडला होता. आत रांगायचं म्हणून तिनं जुना, बिनखिशाचा झगा घातला होता. काडीला दमा होता. तिनं आपला पंप टकळीच्या हातात दिला. "तुझ्या खिशात ठेव. पाच मिनिटांचं तर काम आहे."

टकळीनं तिला आत जाताना पाहिलं. आधी डोकं गेलं, मग पाठ, शेवटी मळके तळपाय. दार लोटलं गेलं.

पडदा उघडला. हॉल खच्चून भरलेला. तिसऱ्या रांगेत मामा, शेजारी दोघींच्या आया, पदरानं वारा घेत बसलेल्या. टकळीनं सुरुवात केली.

"या स्टेजखाली एक बाई राहते. सुतारांना फळ्या ठोकायची इतकी घाई होती, की तिला 'बाहेर या' म्हणायचं राहूनच गेलं. तेव्हापासून ती फळ्या वाजवतेय. उघडा म्हणतेय. पण वर कुणीतरी नाचत असतं, गात असतं, आणि तुम्ही टाळ्या वाजवत असता. तुमच्या टाळ्यांत तिची टकटक बुडून जाते. विचारू तिला? बाई, आहात का?"

टक. टक. टक.

पहिल्या रांगेतल्या पोरी किंचाळून एकमेकींच्या गळ्यात पडल्या. आणि मग टाळ्या! टकळीच्या अंगात वारं शिरलं. मंडळ वाचलं, मंडळ वाचलं, असं तिचं काळीज वाजायला लागलं.

टाळ्या थांबायच्या आतच खालून परत वाजलं. तीनदा नव्हे. वेडंवाकडं, भराभर, हाताच्या तळव्यांनी बडवल्यासारखं.

हे ठरलं नव्हतं.

टकळीला ते पायाच्या तळव्यांना जाणवलं. काडी आगाऊपणा करतेय, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि पुढचं वाक्य बोलली, कारण टाळ्या अजून चालू होत्या. तेवढ्यात फळ्यांच्या फटींतून पांढरा धूर वर आला. पातळ, थंड, गोडसर वासाचा. तिच्या घोट्यांभोवती फिरायला लागला. हॉल "ओऽऽ" म्हणाला.

धूर त्यांचा नव्हता. धूर नाच मंडळाचा होता. पुढचा नाच ढगांतल्या पऱ्यांचा होता आणि त्यांनी धुराचं मशीन स्टेजखाली ठेवून वायर बाहेर काढलेली. कुणीतरी ते वेळेआधी चालू केलं होतं.

टकळीचा हात खिशात गेला. पंप होता. तिच्या खिशात. काडीकडे नव्हता.

"बाई," तिनं विचारलं, आणि तिचा आवाज चिरकला, "आहात का?"

खालून काहीच आलं नाही.

टकळी विंगेत धावली. तिथे देखावे मंडळाचं लाकडी जहाज होतं, शिडाबिडासकट, बैलासारखं जड. ते कुणीतरी वाट मोकळी करायला सरकवलं होतं, थेट त्या बुटक्या दारापुढे. तिनं खांदा लावला. जहाज हललंसुद्धा नाही.

"सर! काडी आत आहे! स्टेजखाली!"

निवेदन करणारे सर हसले. गेल्याच आठवड्यात टकळीनं त्यांना सांगितलं होतं, की तुमची स्कूटर पाण्याच्या टाकीत पडलीय, आणि सर अर्ध्या जेवणावरून उठून टाकीवर चढले होते.

"आता माझ्यावर प्रयोग होय? एकदा फसलो, पोरी. जा, जा, छान चाललंय!" आणि त्यांनी तिला पाठीवर थाप मारून परत उजेडात ढकललं.

"खाली माझी बहीण आहे!" टकळी ओरडली. "ती मरेल! उघडा कुणीतरी, उघडा!"

हॉलनं टाळ्यांचा नुसता पाऊस पाडला. कुणी शिट्टी मारली. ती रडली तर जास्त टाळ्या, पाय आपटले तर आणखी जास्त. धूर गुडघ्यापर्यंत आला. त्या धुराखाली, फळीच्या पलीकडे, तिला खरवडल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. उंदराएवढं. मग तेही थांबलं. आपणच सांगितलेली गोष्ट आपल्याला गिळतेय, आणि सगळे बघून खूश होतायत, असं तिला वाटलं. 

तेव्हा तिनं दोन्ही कान धरले.

लोक आणखीनच हसले. त्यांना काय ठाऊक? पण तिसऱ्या रांगेत मामाचं हसू गोठलं.

टकळीनं ओरडणं बंद केलं. डोळे पुसले नाहीत, हातवारे केले नाहीत. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं बोलली.

"काडी स्टेजखाली आहे. तिला दमा आहे. तिचा पंप माझ्याकडे आहे. दारापुढे जहाज आहे. मला ते ढकलता येत नाही."

आणि गप्प उभी राहिली. कान धरून.

हसणं आधी पुढच्या रांगेत थांबलं, मग मागे मागे थांबत गेलं. थापेत एवढं कमी बोललं जात नाही, हे माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

"उठा!" मामा गरजला. "ही थाप नाही! चला, हात लावा!" खुर्च्यांवरून उड्या मारत तो स्टेजवर चढला. मागोमाग मावशी, म्हणजे काडीची आई, पदर खोचून. सर पांढरेफटक पडले आणि सगळ्यात आधी त्यांनीच जहाजाला खांदा दिला. दार उघडलं तशी धुराची लाट बाहेर आली. मामानं आत हात घालून काडीला पायांना धरून ओढलं. ओठ निळे, नखांत लाकडाचे तुकडे. छाती हलत होती, पण आत काही जात नव्हतं.

पंपाचं टोपण टकळीला बोटांनी निघेना. दातांनी काढलं. एकदा दाबला. परत दाबला. मग काडीच्या छातीतून शिट्टीसारखा बारीक आवाज आला, आणि त्या आवाजापेक्षा गोड गाणं त्या हॉलमध्ये त्यानंतर कुणी गायलं नाही.

दवाखान्यात काडीला खाटेवर बसवून वाफ दिली. मोठ्या माणसांचं बाहेर डॉक्टरांशी बोलणं चाललं होतं. टकळी खाटेच्या कडेला बसली होती, भिंतीकडे बघत.

काडीनं मास्क जरा बाजूला केला. "मला सगळं ऐकू येत होतं. तू म्हणालीस ना, ती वाजवते आणि वरचे टाळ्या वाजवतात?"

"हं."

"मला वाटलं, तू मलाच सांगतेयस. उघडणार नाही म्हणून." तिनं श्वास घेतला. "ती भलती टकटक केली ना मी, तुला कळलं होतं?"

टकळीच्या तोंडात थापा तयार होत्या. एकाहून एक दागिने घातलेल्या. टाळ्यांत ऐकूच आलं नाही, म्हणता आलं असतं. तिला स्टेजवर वाटली त्याहून जास्त भीती आता वाटली.

तिनं कान धरला. "कळलं होतं. टाळ्या पडत होत्या म्हणून एक वाक्य आणखी बोलले."

काडीनं मान फिरवली. मास्क तोंडावर ओढून घेतला. वाफेचा आवाज येत राहिला. टकळीनं कान सोडला नाही, पाळी लाल झाली तरी. आता ही कधीच बोलणार नाही आपल्याशी, असं तिला वाटलं.

खाटेच्या लोखंडी दांडीवर वाजलं. टक. टक. टक.

टकळी एवढी दचकली, की खाटेवरून खालीच पडली. आणि काडी मास्कच्या आत हसत सुटली, खोकला येईपर्यंत, नर्स धावत येईपर्यंत.