पडवीच्या खांबावरचा फोन

मित्रांनो, मी एक जुना, बटणांचा फोन आहे. माझ्या पाठीचं झाकण केव्हाच हरवलं, म्हणून पोटाला रबर बांधलेलं आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे हसण्यासारखं फारसं नाही.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, तो काही मला आठवत नाही. आठवतं ते बोर्ली पंचतनच्या बाजारातलं दुकान. तिथून रत्नपालने मला आईसाठी घेतलं आणि तो पनवेलकडे कंपनीत कामाला निघून गेला. त्याची आई पुतळाबाई. त्यांच्या वाडीत मला रेंज मिळायची ती एकाच जागी, पडवीच्या पुढच्या खांबापाशी. पुतळाबाईंनी जुन्या साडीच्या काठाची पिशवी शिवली, खांबाला खिळा ठोकला आणि मला टांगून टाकलं.

मग वाडीत एक रीतच पडली. मी वाजलो की जो जवळून जात असेल त्याने मला उचलायचं, आणि जे कळेल ते ओरडून ज्याचं त्याला सांगायचं. कुणाला मुलगी झाली, कुणाचा पाहुणा श्रीवर्धनच्या गाडीत बसला, सगळं सगळ्यांना कळायचं. "पुतळाबाईचा फोन म्हंजे वाडीचा फोन," असं लोक म्हणायचे आणि मी फुगून जायचो. तेव्हा मला रोज पदराने पुसलं जायचं.

पुढे धाकूबाबा पडले. धाकूबाबा म्हणजे पुतळाबाईंचे यजमान, सुपारी काढणारे. एका झाडाच्या शेंड्यावरून झोका घेऊन ते दुसरं झाड धरत, खाली उतरायचं नाव नाही. एकदा दुसरं झाड हाताला लागलं नाही आणि खुबा मोडला. माझ्या खांबाखालीच त्यांची खाट आली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर झालं तर चालतील. रत्नपालने ओव्हरटाइम करून जमवलेले पैसे आईच्या खात्यात टाकले. त्या पैशांवर बाबांचं चालणं अवलंबून होतं, एवढं ध्यानात ठेवा.

एका सकाळी मी वाजलो. शेजारची सून प्रज्ञा हंडा घेऊन चालली होती. तिने मला उचललं आणि रितीप्रमाणे ओरडली, "काकी, बँकेचा फोन हाय! तुमचं खातं बंद व्हतंय म्हणं!"

पुतळाबाई सुपारी सोलायची टाकून धावत आल्या. मित्रांनो, इतका गोड आवाज माझ्यातून आधी कधी निघाला नव्हता.

"आई, घाबरू नका. आज केवायसी झाली नाही तर पैसे अडकतील, म्हणून मुद्दाम फोन केला."

पुतळाबाई घाबरल्याच, आणि ऑपरेशनचं सगळं सांगून मोकळ्या झाल्या. "अरेरे," आवाज हळहळला. "बाबांचं ऑपरेशन थांबता कामा नये. एटीएम कार्डावरचे आकडे वाचा बघू."

खाटेवरून धाकूबाबा म्हणाले, "अगो, टमटमनी बोर्लीला जा नि बँकेत इचार. येवढी घाई कसली?"

"तुमी गप पडा," पुतळाबाई कडाडल्या. "पडून पडून लय अक्कल सुचते!"

बाबा गप पडले.

तांदळाच्या डब्यातून कार्ड निघालं. प्रज्ञाने आकडे वाचले. मग माझ्यात इंग्रजी मेसेज आला. त्यात एक आकडा होता, आणि हा कुणालाही सांगू नका असंही लिहिलं होतं. प्रज्ञाने घाईत फक्त आकडा वाचला, तोही वाडीच्या सवयीने खणखणीत आवाजात. पार विहिरीवरच्या बायकांनीही तो ऐकला.

"बाबांना नमस्कार सांगा हं," आवाज म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. पैसे निघत असल्याचे मेसेज माझ्यात येत राहिले. मी पिशवीत कुईं कुईं करत होतो. पण प्रज्ञा पाण्याला गेली होती, आणि पुतळाबाई निर्धास्त मनाने सुपारी सोलत बसल्या होत्या.

बाजाराच्या दिवशी त्या पैसे काढायला बँकेत गेल्या, तर खातं रिकामं. बँक फोनवर असे आकडे कधी विचारतच नाही, हे त्यांना तिथे कळलं. लगेच १९३० या फसवणुकीच्या तक्रारीच्या सरकारी नंबरला फोन केला असता तर कदाचित पैसे अडवता आले असते, हेही कळलं. रांगेतले लोक तोंडावर हसले. घरी येऊन पुतळाबाई थेट प्रज्ञाच्या दारात उभ्या राहिल्या. "तुला किती भेटलं गं त्यातलं?" प्रज्ञाने दार लावून घेतलं. त्या दिवसापासून आमच्या पडवीसमोरून जायचं तिने सोडलं. हळूहळू बाकीच्यांनीही सोडलं, आणि मला उचलायची रीत मोडली.

रत्नपालने मात्र हार मानली नाही. सरकारी योजनेतून फुकट ऑपरेशन व्हावं म्हणून त्याने इस्पितळात कागद दिले. कंपनीत फोन जवळ ठेवू देत नाहीत, म्हणून नंबर माझा लिहिला. रविवारी फोन करून आईला सांगणार होता. इस्पितळाचा फोन त्याआधीच आला.

"आई, सोमवारी बाबांना भरती करायला आणा," एक मुलगी बोलत होती. "त्याआधी त्यांचा आधार नंबर सांगता का?"

'आई' हा शब्द ऐकूनच पुतळाबाईंचं डोकं फिरलं. त्यांनी त्या पोरीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि फोन कापला. मी पुन्हा वाजलो. प्रज्ञाने विहिरीवरून मान वर करून पाहिलं, आणि ती पाणी शेंदत राहिली. मी आणखी एकदा वाजलो. तेव्हा पुतळाबाईंनी माझं रबर सोडलं आणि बॅटरीच काढून टाकली. धाकूबाबा खाटेवरून सगळं बघत होते. ते काही बोलले नाहीत. त्यांना गप पडायला सांगितलेलं होतं.

रविवारी रत्नपालचा फोन लागलाच नाही, आणि त्याला कळेपर्यंत इस्पितळातली ती खाट दुसऱ्या रुग्णाला गेली होती. पुढची पाळी आली तेव्हा खुबा वाकडाच जुळला होता. डॉक्टर म्हणाले, आता काही उपयोग नाही.

मित्रांनो, माझं काम आवाज पोचवण्याचं. बोलणारा बँकेचा आहे की भामटा, हे मला कळत नाही, आणि गोड आवाजावरून तुम्हालाही कळणार नाही. म्हणून जो घाई करतो त्याला आकडा द्यायचा नाही आणि शिवीही द्यायची नाही. फोन ठेवायचा. मग पासबुकावरच्या नंबरला आपण फोन करायचा, नाहीतर टमटम धरून जायचं. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, त्याच घटकेला १९३० लावा. आणि घरातलं कुणी "जाऊन इचार" म्हणालं, तर त्याचं तोंड बंद करू नका.

मी अजून त्याच खिळ्यावर आहे. पुतळाबाई रोज संध्याकाळी खाटेच्या कडेला टेकतात. "बोला की वो कायतरी," म्हणतात. बाबा एकदा माझ्याकडे बघतात, आणि तोंड भिंतीकडे वळवतात.